बालविभाग रिकामा नाही, बंद आहे

"लेकरं येतच नाहीत. त्यापेक्षा त्या खोलीत अभ्यासिका काढू. निदान चार पोरं तरी नोकरीला लागतील."

नांदेड-लातूरकडच्या सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारिणीत हे वाक्य फिरून फिरून येतं. बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो निवृत्त शिक्षक असतो, खांडेकर आणि शिवाजी सावंत वाचून मोठा झालेला. ठरावाला अनुमोदन मिळतं, बालविभागाचं कपाट जिन्याखाली सरकतं आणि खोलीत प्लायवूडचे खण पाडलेली टेबलं येतात. तपासणीच्या कागदावर बालविभाग मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण वाचनालयाच्या दर्जासाठी तो मोजला जातो. माझं भांडण ठराव मांडणाऱ्या सरांशी नाही. "येतच नाहीत" या दोन शब्दांशी आहे. ते कोणी तपासलेले नाहीत, आणि सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे.

तर आधी तेच तपासू. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात जा आणि बालविभाग दाखवा म्हणा. काचेचं एक कपाट दाखवतात. त्याला कुलूप असतं आणि किल्ली ग्रंथपालांच्या खिशात असते. पुस्तकं गेली तर भरून कोण देणार, हा त्यांचा प्रश्न आणि तो खोटा नाही. आत पुस्तकं उभी नसतात, आडवी रचलेली असतात, म्हणजे खालचं काढायचं तर वरची पंधरा उतरवावी लागतात. वरच्या दोन फळ्यांवर थोर पुरुषांची चाळीस-चाळीस पानी चरित्रं, एकाच प्रकाशकाची, एकाच मार्चअखेरीला घेतलेली. अनुदानाचा हप्ता हाती पडतो तेव्हा हिशेब मिटवायची घाई असते आणि विक्रेता गठ्ठाच आणून ठेवतो. प्रत्येकावर वाचनालयाचे शिक्के तीन ठिकाणी. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही. आणि सगळ्यात खालच्या फळीवर 'किशोर'चे बांधीव अंक, पुठ्ठ्यावर शाईनं वर्ष घातलेले. त्यांची पानं कोपऱ्यांत मऊ पडलेली, मधली काही सुटलेली, एका मुखपृष्ठावर कुणीतरी पेननं मिशा काढलेल्या. 'किशोर' बालभारतीनं १९७१ साली सुरू केलं. त्या फळीकडे बघून मला तरी असं वाटत नाही की या गावची लेकरं वाचत नव्हती. त्यांना जे वाचावंसं वाटलं ते त्यांनी झिजवलं. बाकीचं त्यांच्यासाठी घेतलेलंच नव्हतं.

आता वेळ बघा. शाळा सकाळी साडेदहा ते पाच. वाचनालय सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. सकाळी आंघोळ, डबा, ट्यूशन. संध्याकाळी पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं वाचणारी मोठी माणसं बसलेली, त्यांच्या राजकारणाच्या गप्पा रंगलेल्या. पाचवीतली मुलगी त्या घोळक्यातून वाट काढत आत जाईल, ग्रंथपालकाकांना किल्ली मागेल, पंधरा पुस्तकं उतरवायला लावेल आणि सोळावं घेऊन घरी जाईल, अशी आपली अपेक्षा आहे. त्याआधी बापाची सही असलेला अर्ज आणि अनामत रक्कम. नळाला थेंब नव्हता तेव्हा, २०१६ साली, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं; लातूरकरांना तहानच लागत नाही असं त्या वेळी कोणी म्हटलं नव्हतं.

अभ्यासिकेची बाजू खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं राहतात तिथल्या मुलीला रात्री नऊपर्यंत बसायला उजेड, पंखा आणि शांतता मिळाली, तर तिच्यासाठी ती जागा देवळाइतकी मोलाची. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत, हेही खरं. पण या अभ्यासिकेत वाचनालयाचं पुस्तक लागतं किती? पोरं आपली गाईड, आपले नोट्सचे झेरॉक्स, आपला मोबाईल घेऊन येतात आणि ते घेऊनच जातात. त्यांना लागतं ते टेबल, खुर्ची, स्वच्छतागृह आणि वाय-फाय. हे सगळं महापालिकेच्या समाजमंदिरात होऊ शकतं, रात्री रिकाम्या पडणाऱ्या शाळेच्या वर्गात होऊ शकतं. सात वर्षांच्या लेकराला दुसरीकडे कुठे पुस्तक निवडायला मिळणार आहे? ज्याला गावात दहा जागा मिळू शकतात त्याला आणखी एक देण्यासाठी, ज्याला एकच जागा आहे त्याची ती काढून घ्यायची, हा कुठला न्याय? शिवाय आज बालविभाग बंद केला तर वीस वर्षांनी अभ्यासिकेत येणारा पोरगा उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना अडखळणारच. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेली निम्मी कुठल्या तरी तालुक्यात, कुठल्या तरी कुलूपबंद कपाटाच्या आसपासच राहतात.

पण हा शेवटचा मुद्दा मी हात राखून मांडतो, कारण आमच्याकडे सगळ्याचा हिशेब शेवटी मार्कांत होतो. लातूर पॅटर्ननं या भागाला एक गोष्ट दिली. शेतकऱ्याचं, शिक्षकाचं, कारकुनाचं पोरगं डॉक्टर होऊ शकतं, हा भरवसा दिला. त्याची टिंगल पुण्या-मुंबईत बसून करणं सोपं आहे, मी ती करणार नाही. पण त्याच पॅटर्ननं 'अवांतर' हा शब्द शिवीसारखा केला. आठवीतल्या पोराच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं की "फाउंडेशन सुरू झालंय ना तुझं?" हे आई-बापच विचारतात. लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत राज्यभरातून आलेली सोळा-सतरा वर्षांची हजारो पोरं राहतात. घर दूर, मेसचं जेवण, खोलीत तिघे, रविवारी टेस्ट. यांच्यासाठी शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांनी काय ठेवलं आहे? ट्यूशन एरियात अभ्यासिकांना तोटा नाही. पण रविवारी टेस्ट बिघडून आलेल्या पोराला दोन तास फेलूदाच्या रहस्यकथा वाचत लोळता येईल अशी एक सतरंजी अख्ख्या शहरात सापडते का बघा.

वाचनालयांच्या फळ्यांवरही हाच खड्डा दिसतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी बोधकथा असतात, मग थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. बारा ते सतरा हे वय मध्ये गडप. जणू मराठीत या वयासाठी कोणी काही लिहिलंच नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत, ज्याला रात्री घाबरायचं त्याला नारायण धारप आहेत. पुस्तकं आहेत आणि आजही विकली जातात. ती खरेदीच्या यादीत येत नाहीत, कारण यादी करताना त्या वयाच्या एकाही मुलाला कोणी विचारत नाही.

"अवांतर वाचून कुणाचं भलं झालं?" असं विचारणाऱ्याला नांदेडमध्ये तरी उत्तर शोधत फिरावं लागू नये. नरहर कुरुंदकर इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले, कारण परीक्षेचं सोडून बाकी सगळं वाचत बसले. पुढे तेच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नापास होणं हा काही सद्गुण नाही, आणि एका कुरुंदकरांवरून नियम सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण ज्या गावच्या सभागृहांना आणि व्याख्यानमालांना आपण त्यांचं नाव देतो, त्या गावानं लेकरांच्या अवांतर वाचनाला वेळेची नासाडी म्हणावं, याची थोडी तरी लाज वाटायला हवी.

यावर सरकारी उत्तर तयार असतं. उपक्रम चालू आहेत की! २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. २०२४ साली महावाचन उत्सव झाला, अमिताभ बच्चन त्याचे सदिच्छादूत होते. २०२५च्या जानेवारीत १ ते १५ तारखेला 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा झाला. फोटो निघाले, अहवाल गेले. यांतल्या हेतूंवर शंका नाही. पण पुस्तक वाचून झालं की अभिप्राय लिहा आणि तो पोर्टलवर चढवा, हे सांगितल्यावर लेकरू काय शिकतं? वाचणं हेही गृहपाठच आहे, एवढंच. आणि ज्याला लिहिताच येत नाही त्याचा अभिप्राय ताई किंवा मॅडम लिहितात.

तारखा बघितल्यात का? ऑक्टोबर आणि जानेवारी. मुखेड, कंधार, लोहा, किनवट, इकडे जळकोट, अहमदपूर या भागांतली किती कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, हे या जिल्ह्यांत नोकरी केलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. जानेवारीच्या त्या पंधरवड्यात ही लेकरं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर, पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असतात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. मग शाळांना सुट्टी लागते, ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर जातं, दुपारी बारा ते चार कोणी घराबाहेर पडत नाही. वर्षातले हेच दोन महिने लेकरू गावात असतं, मोकळं असतं, सावलीला बसायला तयार असतं. नेमकं तेव्हा आपलं वाचनालय दुपारी बंद आणि आपला वाचनाचा कार्यक्रम शून्य. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलांचे उन्हाळी वाचनाचे कार्यक्रम सुरू केले ते सुट्टीत लेकरू मोकळं असतं एवढ्या साध्या हिशेबानं. तिकडचा उन्हाळा तरी सुखाचा. आमच्याकडे तर उन्हानंच सगळ्यांना घरात कोंडलेलं असतं. त्या चार तासांत वाचनालयाची फरशी थंड ठेवली, माठ भरून ठेवला आणि कपाट उघडं ठेवलं तर कुठल्याही सदिच्छादूताची गरज पडणार नाही.

आणखी एक आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो आपलीच माणसं आपल्याच माणसांबद्दल घेतात. "यांच्या घरात वाचनाची संस्कृतीच नाही. आई-बाप अडाणी. कुटुंबासह वाचन वगैरे शहरातल्या लोकांचे चोचले." हे म्हणणाऱ्याला मराठवाड्यातलं घर माहीत नाही किंवा तो ते विसरला. चातुर्मासात ओसरीवर पोथी लागायची. 'पांडवप्रताप', 'हरिविजय', 'भक्तिविजय'. गल्लीत ज्याला वाचता येतं असा एकजण वाचायचा, दुसरा एक अर्थ सांगायचा, आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं अशी वीस-पंचवीस माणसं, बायका, पेंगुळलेली लेकरं ऐकायची. उद्या पुढं काय होणार म्हणून परत यायची. सप्ताहात सात दिवसांत 'ज्ञानेश्वरी'चं पारायण होतं, आजही गावोगाव होतं, आणि पारायणाला बसणारे सगळे काही पदवीधर नसतात. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांमधून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचला जातो. मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी मिळून ऐकायचं, ठरल्या वेळी, ठरल्या माणसाकडून, महिनोन्‌महिने: मुलांच्या ग्रंथपालांना प्रशिक्षणात जे शिकवावं लागतं ते या घरांना पिढ्यान्‌पिढ्या येतं. आई-बापाला वाचता येत नसेल तर चौथीतली पोरगी वाचेल आणि आजी ऐकेल. पोथीत हे असंच चालायचं. वाचनालयानं फक्त आठवड्यातला एक वार धरायचा, एक वाचणारा माणूस द्यायचा आणि गोष्ट मध्येच, अगदी चोराच्या हातात किल्ली आलेली असताना, थांबवायची.

यात भाषेचा एक पेच आहे, तो टाळून चालणार नाही. किनवट-माहूरच्या तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात, धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, नांदेड-उदगीरच्या कितीतरी मोहल्ल्यांत दखनी. नांदेडमध्ये शासनाचं उर्दू घर आहे. तरी किती सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागात उर्दू गोष्टींची पुस्तकं आहेत, हे यादी मागवून बघावं. तांड्यावरच्या लेकराला मराठीतली गोष्ट वाचून दाखवताना मध्ये गोरमाटीत दोन वाक्यं बोलणारी एखादी बारावी झालेली ताई मिळाली, तर ती शंभर बोधकथांपेक्षा जास्त काम करेल. अशा ताईला महिन्याला काय द्यायचं, हा मात्र प्रश्न आहे. इथे आपण पैशांपाशी येतो.

कार्यकारिणीतले सर इथे खरं बोलतात. पैसे नाहीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यानुसार राज्यातली ११ हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालयं चालवतात त्या गावोगावच्या संस्था, सरकार देतं ते अनुदान. २०१२च्या पडताळणीनंतर कित्येक वर्षं नव्या मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही अडकून पडली. खेड्यापाड्यातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा ते ४८ हजार झाले. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. दोन हजारांत ग्रंथपाल, लिपिक आणि झाडूवाला एकाच माणसानं व्हायचं, आणि त्यानंच लेकरांना गोष्टी वाचून दाखवायच्या! या माणसावर मी कुलपाचा राग काढत नाही. त्यानं कपाट बंद ठेवलं, कारण हरवलेल्या पुस्तकाचे पैसे त्याच्याकडून वसूल होण्याची भीती त्याच्या पगारापेक्षा मोठी आहे.

पण "पैसे नाहीत" हे निसर्गनियम असल्यासारखं म्हणू नये. हैदराबाद राज्यानं १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर भाग त्याच राज्यात होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो. मागे राहिलेल्या तेलंगणाला आंध्रबरोबर १९६०चा कायदा मिळाला आणि त्यात ग्रंथालय उपकर होता. आजही तेलंगणात घरपट्टीवर आठ टक्के उपकर घेऊन जिल्हा ग्रंथालय संस्था चालतात. कर्नाटकात १९६५च्या कायद्यानं मालमत्ता करावर सहा टक्के. तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पालिका उपकर गोळा करतात आणि ग्रंथालयांना देत नाहीत, ही रड दोन्ही राज्यांत आहे. पण भांडायला तिथे एक हक्काची रक्कम आहे. १९६७चा आपला कायदा करताना उपकर वगळला गेला, आणि तो का नको, यावर नांदेड-लातूरमध्ये कधी सभा भरल्याचं मला आठवत नाही.

कर्नाटकाचं उदाहरण तर उदगीर-देवणीच्या शिवेवरचं आहे. तिथल्या ग्रामपंचायत ग्रंथालयांचा कारभार २०१९ साली ग्रामविकास खात्याकडे गेला आणि २०२०मध्ये कोरोनानं शाळा बंद असताना त्यांनी 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम सुरू केली. ६ ते १८ वयाच्या मुलांना सभासदत्व फुकट. अनामत नाही, वर्गणी नाही. मराठी बोलणारी घरं ज्यांत भरपूर आहेत ते औराद आणि कमलनगर तालुके त्याच राज्यात येतात. तिथल्या पुस्तकांत कन्नड जास्त असणार हे उघड आहे, आणि मराठी पोराला ते कितपत कामाचं हा वेगळा वाद. पण "गावाकडची लेकरं येत नाहीत" हे गृहीत धरून त्या सरकारनं दार लावलं नाही. दाराची फी काढून टाकली.

आणि कर्नाटकाशीच कशाला थांबायचं? बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव फिरती ग्रंथालयं आणि मुलांसाठी स्वतंत्र दालन उभं केलं. नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेनं २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या थेट वस्त्यांत पोचवल्या. २०२२च्या एप्रिलमध्ये, कडक उन्हात, उदगीरला ९५वं साहित्य संमेलन भरलं. त्यासाठी मांडव, रस्ते, पाणी, पैसा सगळं जमलं. तीन दिवसांचं जमतं, आणि बावन्न शनिवारांची एक तासाची गोष्ट परवडत नाही?

नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल समोर घेऊन बसा. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर, दुकानाचा गाळा असेल तर रोजगार हमीचा कर. शिक्षण कर १९६२च्या कायद्यापासून आपण भरतो आणि कोणी तक्रार करत नाही. ग्रंथालयाची ओळ त्या बिलात नाही. दहा हजारांच्या करावर कर्नाटकच्या दरानं उपकर लावला तर वर्षाला सहाशे रुपये होतात. ट्यूशन एरियात तेवढ्यात एका विषयाची टेस्ट सिरीज तरी येते का, शंका आहे. कायद्यात ही ओळ घालायला विधानसभा लागेल, हे मान्य. पण अनामत माफ करायला, खरेदीच्या यादीवर चार पोरांचं म्हणणं घ्यायला, पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या खिशाला हात लावणार नाही असं लिहून द्यायला आणि एप्रिल-मेच्या दुपारी दार उघडं ठेवायला कार्यकारिणीचा ठराव पुरतो. तो मांडायला निवृत्त सरांपेक्षा योग्य माणूस मला तरी सुचत नाही. देवघेवीचं रजिस्टर त्यांनी सोबत आणावं आणि गेल्या दहा उन्हाळ्यांत बालसभासदांच्या नावावर किती पुस्तकं गेली ते आधी वाचून दाखवावं, मग खुशाल मतदान घ्यावं.